कॅलेंडरांतील नोंदींचा लोप

भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा एक मोठा गुण असा कीं, तिच्यावर जें एकदां लिहिलें तें तेथेंच राहतें. दुधाचा रतीब कोणत्या दिवशीं चुकला, गॅसची टाकी केव्हां लावली, दंतवैद्यांनीं कोणत्या तारखेस बोलाविलें आहे, हें सर्व त्या इवल्याशा चौकोनांत पेन्सिलीनें टिपलेलें असतें. आणि पान फाडल्यावांचून तें नाहींसें होत नाहीं. हल्लीं कचेऱ्यांतून, व कचेऱ्यांच्या मागोमाग घरांतूनही, हें काम संगणकांतील कॅलेंडराकडे गेलें आहे. त्याची सोय निर्विवाद आहे. एकानें लिहिलेलें दहांना दिसतें, वेळेपूर्वीं घंटा वाजते, आणि मुंबईंत केलेला बदल क्षणार्धांत नागपुरास कळतो. परंतु या नव्या वहीचा एक विलक्षण अनुभव आतां घरोघर येऊं लागला आहे. काल डोळ्यांनीं पाहिलेली नोंद आज जागेवर नसते. मंगळवारीं साडेदहाला बैठक आहे हें चौघांना पक्कें आठवतें, आणि मंगळवारचा रकाना तर कोरा!

अशा प्रसंगीं मनुष्याच्या तोंडून पहिला प्रश्न ‘ती नोंद कोठें गेली?’ असा निघत नाहीं. ‘ती कोणीं काढली?’ असाच निघतो. कागदाच्या वहीच्या बाबतींत हा प्रश्न रास्त होता, कारण तेथें खाडाखोड करावयास कोणाचा तरी हात लागतोच. यंत्राच्या वहींत मात्र बहुधा कोणाचाही हात लागलेला नसतो, आणि तरीही दोष कोणाच्या तरी माथीं बसतो. तो प्रायः घरांतील सुनेच्या किंवा कचेरींतील कनिष्ठाच्या माथीं बसतो, हें वेगळें सांगावयास नको.

हयातभर संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें आम्हांस या ठिकाणीं व्याकरणाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पाणिनीच्या शास्त्रांत ‘लोप’ या संज्ञेचा अर्थ नाश असा केलेला नाहीं. जी वस्तु असावयास हवी ती न दिसणें, एवढाच त्याचा अर्थ आहे. शिवाय प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळें घडणारें कार्य घडतच राहतें, असेंही तेथें मानलेलें आहे. क्विप् प्रत्यय शिकवितांना मुलें नेहमीं गोंधळत. सबंध प्रत्यय नाहींसा होतो, त्याचें एक अक्षरही उरत नाहीं, मग तो लागला हें तरी कशावरून मानावयाचें? आम्ही सांगत असूं कीं, त्यानें केलेल्या कामावरून. पंचांगांतील क्षयतिथीचीही हीच गोष्ट. एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयापूर्वींच संपणारी तिथि कोणत्याही वाराच्या वांट्यास येत नाहीं, म्हणून तिला क्षय म्हणावयाचें; ती आकाशांत झालीच नाहीं असें नव्हे.

संगणकांतील नोंदींचा लोपही बहुतांशीं याच जातीचा असतो. आमचे ज्येष्ठ चिरंजीव याच धंद्यांत असल्यामुळें त्यांच्याजवळ बसून हा विषय आम्हीं बारकाईनें समजावून घेतला. येथें मुख्यत्वें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या आउटलुकविषयीं लिहीत आहों, कारण १९९७ सालीं निघाल्यापासून कचेऱ्यांतून त्याचाच प्रसार फार झाला आहे. घरगुती उपयोगांत २००६ सालीं सुरू झालेलें गूगलचें कॅलेंडर अधिक, म्हणून जागोजाग त्याचाही उल्लेख येईल. आउटलुकच्या नव्या आवृत्तींत कळांच्या जागा बदलल्या आहेत, व जुन्या आवृत्तींतील कांहीं योजना तींत नाहींत. पुढील वर्णन संगणकावर बसविलेल्या जुन्या आवृत्तीस धरून आहे.

प्रथम नोंद आहे, पण दिसत नाहीं, हा प्रकार घेऊं; कारण निम्म्याहून अधिक भानगडी येथेंच मिटतात असें चिरंजीवांचें सांगणें आहे. आउटलुकमध्यें ‘वर्क वीक’ म्हणून आठवड्याची जी मांडणी असते तींत मुळांत सोमवार ते शुक्रवार एवढेच वार दिसतात. ज्यांची कचेरी शनिवारींही चालते त्यांची शनिवारची बैठक नोंदलेली असूनही त्यांना दिसत नाहीं, आणि ते बिचारे शोध करीत बसतात. महिन्याच्या मांडणींत एका दिवसाच्या चौकोनांत मावतील तेवढ्याच नोंदी दिसतात. बाकीच्या एका बारीकशा बाणाआड दडतात. दिवसाच्या मांडणींत पडदा वर-खालीं सरकविल्यावांचून पहाटेच्या व रात्रीच्या नोंदी दृष्टीस पडत नाहींत. डाव्या बाजूस कॅलेंडरांच्या नांवांपुढें लहान चौकोन असतात. त्यांतील खूण चुकून निघाली कीं ते सबंध कॅलेंडरच पडद्यावरून उठून जातें. गूगलमध्येंही हाच प्रकार आहे.

या सर्वांहून फसवा प्रकार फिल्टरचा. अमुक रंगाच्याच किंवा अमुक शब्द असलेल्याच नोंदी दाखव, अशी आज्ञा एकदां दिली कीं ती रद्द करीपर्यंत चालू राहते. आज्ञा देणारा विसरतो. यंत्र विसरत नाहीं. ती चालू असल्याची सूचना खिडकीच्या अगदीं तळाशीं, डाव्या कोपऱ्यांत, बारीक अक्षरांत दिलेली असते, आणि तिकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

आमची धाकटी सून पुण्यांतील एका कंपनींत वरिष्ठांच्या भेटीगांठींची व्यवस्था पाहते. एका गुरुवारीं बाहेरगांवच्या पाहुण्यांशीं ठरलेली साडेअकराची बैठक साहेबांच्या कॅलेंडरांत नव्हती. साहेब गेले नाहींत. पाहुणे पाऊण तास वाट पाहून परत गेले. मग चार माणसांसमक्ष तिला ऐकून घ्यावें लागलें कीं, ‘तुम्ही नोंद केलीच नसेल, आणि केली असली तर तुमच्याच हातून पुसली गेली असेल.’ संध्याकाळीं घरीं आल्यावर ती ताटावर नुसती बसून राहिली. पुढें म्हणाली, ‘मामंजी, नोंद मी स्वतः केली होती. पण केली होती हें आतां कशाच्या आधारावर दाखवूं?’ आम्हीं तिला एवढेंच विचारलें कीं, बैठकीपूर्वीं साहेबांच्या संगणकावर घंटा वाजली होती काय? कारण आउटलुकमध्यें बैठकीपूर्वीं पंधरा मिनिटें आठवण देणारी खिडकी मुळांतच योजलेली असते. तिला तें ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं तिनें धीर करून साहेबांनाच विचारलें. ते म्हणाले, ‘हो, सव्वाअकराला कांहीं तरी खिडकी आली होती खरी. पण मीं कॅलेंडर पाहिलें तर तेथें कांहींच नव्हतें. म्हणून ती चुकीची समजून बंद केली.’

प्रत्यय दिसत नाहीं, पण कार्य झालें! घंटा वाजली त्या अर्थीं नोंद होतीच. तिनें साहेबांच्या खिडकीच्या तळाकडे बोट दाखविलें. चार-पांच दिवसांपूर्वीं तांबड्या रंगाच्या तेवढ्या नोंदी पाहाव्या म्हणून त्यांनींच फिल्टर लावला होता, आणि तो तसाच राहिला होता. ‘व्ह्यू’ या सदरांतील ‘रिसेट व्ह्यू’ ही कळ दाबतांच गुरुवारची बैठक जागच्या जागीं उभी राहिली. ‘असें होय!’ असें साहेब म्हणाले. सुनेच्या बोलण्यावरून असें दिसतें कीं, ठपका चौघांसमोर ठेवला गेला होता, आणि हा उलगडा मात्र बंद खोलींत झाला. त्या चौघांना तो कळविण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं. आमच्या मतें ती घेणें साहेबांचें कर्तव्य होतें.

असो. फिल्टर काढूनही नोंद दिसत नसेल, तर ‘चेंज व्ह्यू’ मधून ‘लिस्ट’ ही मांडणी घ्यावी. तींत दिवसांचे चौकोन जाऊन सर्व नोंदींची एक सलग यादी पुढें येते. भलत्याच महिन्यांत किंवा भलत्याच सालांत पडलेली नोंद येथें लगेच सांपडते. तारीख लिहितांना दिवस आणि महिना यांची अदलाबदल होणें, म्हणजे ५ मार्चची भेट ३ मेच्या रकान्यांत जाऊन बसणें, ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. कारण अमेरिकन पद्धतींत महिना अगोदर लिहितात, आणि संगणक कोणत्या पद्धतीवर लावलेला आहे हें कोणी पाहत नाहीं.

यानंतरचा प्रश्न असा कीं, नोंद कोणत्या वहींत केली? पेढीवर जशी मुख्य खतावणी एक असते आणि कारकुनांच्या हातांत कच्च्या वह्या असतात, तसाच हा व्यवहार आहे. कंपनीच्या किंवा गूगलच्या दूरच्या यंत्रावर, ज्याला सर्व्हर म्हणतात त्याच्यावर, मुख्य वही असते. आपल्या संगणकांत व फोनमध्यें तिच्या प्रती असतात. म्हणून वाद पडला असतां संगणकांतील आउटलुक बाजूस ठेवून तेंच कॅलेंडर ब्राउझरमध्यें उघडून पाहावें. तेथें जें दिसतें तें मुख्य वहींतील. तेथें नोंद असेल, आणि आपल्याकडे नसेल, तर दोष आपल्या प्रतीचा. बहुधा ‘वर्क ऑफलाइन’ ही कळ दाबली गेलेली असते, किंवा प्रत बिघडलेली असते, व ती नव्यानें करून घ्यावी लागते. तेथेंही नसेल तर मात्र पुढें शोध केला पाहिजे.

या बाबतींत सामान्य गृहस्थांची फसगत करणारी एक गोष्ट येथें मुद्दाम सांगतों. ज्यांचें टपालखातें आयमॅप नांवाच्या पद्धतीनें आउटलुकला जोडलेलें असतें, त्यांचें टपाल तेवढें सर्व्हरवर जातें. कॅलेंडर जात नाहीं. त्यापुढें ‘दिस कॉम्प्युटर ओन्ली’ अशी स्पष्ट टीप लिहिलेली असते, म्हणजे केवळ या संगणकापुरतें. अशा कॅलेंडरांत केलेली नोंद फोनवर कधींही दिसावयाची नाहीं, आणि संगणक बिघडला तर तीही त्याच्याबरोबर जावयाची. आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं आपल्या पत्नीच्या मोतीबिंदूच्या तपासण्यांच्या सर्व तारखा वर्षभर अशाच वहींत लिहिल्या होत्या, आणि मुलगा फोनमध्यें त्या शोधीत होता. उलट, आयफोनच्या कॅलेंडरांत मागच्या किती दिवसांच्या नोंदी आणाव्या याची मर्यादा घालतां येते. ती महिन्यावर ठेवलेली असली तर गतवर्षींच्या नोंदी फोनवर दिसणार नाहींत, मुख्य वहींत मात्र त्या असतात.

आतां काळाचा घोळ. या भागाविषयीं आम्हांस विशेष कुतूहल वाटतें. यंत्र वेळ साठवितें ती ग्रीनिचच्या हिशेबानें, आणि दाखवितें ती संगणक ज्या देशाच्या वेळेवर लावला असेल त्या हिशेबानें. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें. मुलाकडे न्यूयॉर्कला गेलेल्या गृहस्थानें हिवाळ्यांत तेथें संगणक उघडला, तर पुण्यांतील मंगळवार सकाळीं नऊची भेट त्याला सोमवारीं रात्रीं साडेदहाला दिसेल, आणि मंगळवार सकाळ कोरी दिसेल. भेट हरवली नाहीं. तिनें वार बदलला. दिवसभराच्या नोंदींची तर याहून मौज. वाढदिवस, श्राद्धतिथि, रजा अशा नोंदी आउटलुक मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतच्या चोवीस तासांच्या समजतें. वेळेचा प्रदेश बदलला कीं ते चोवीस तास दोन दिवसांवर पसरतात, आणि एकच वाढदिवस दोन दिवशीं दिसूं लागतो. पंचांगांत दोन सूर्योदयांना स्पर्श करणाऱ्या तिथीस वृद्धि म्हणतात. ही त्याच कुळांतली.

ज्यांची मुलें अमेरिकन कचेऱ्यांचें काम येथें बसून करतात त्यांच्या घरीं आणखी एक तक्रार वर्षांतून दोनदां ऐकूं येते. अमेरिकेंतील बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळें एक तास पुढें करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें घेतात. आपल्याकडे ती पद्धति नाहीं. म्हणून न्यूयॉर्कच्या माणसानें सकाळीं दहाची ठेवलेली बैठक हिवाळ्यांत आपल्याकडे रात्रीं साडेआठाला येते, आणि उन्हाळ्यांत साडेसाताला. साडेआठाच्या रकान्यांत ती शोधणाऱ्यास ती नाहींशी झाली असें वाटतें, आणि तिकडचीं माणसें तासभर अगोदरच बोलून मोकळीं होतात. इंग्लंडांत हाच बदल मार्च व ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारीं होतो. त्यामुळें मधले कांहीं दिवस तिन्ही देशांचीं गणितें जुळत नाहींत. आउटलुकच्या मांडणींत दोन प्रदेशांच्या वेळा शेजारीं शेजारीं दाखविण्याची सोय आहे. अशा घरांतून ती अवश्य करून घ्यावी. मुंबईकरांना तर या प्रकाराचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. १९०६ पासून साडेपांच तासांची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईनें ४ तास ५१ मिनिटांचें आपलें घड्याळ पुढें कित्येक वर्षें सोडलें नव्हतें. एकाच शहरांत ३९ मिनिटांच्या अंतरानें दोन वेळा चालत.

येथपर्यंत झाला तो अदर्शनाचा विचार. परंतु कांहीं नोंदी खरोखरच जातात, आणि त्यांची वाट निराळी आहे. बैठकीच्या निमंत्रणास नकार दिला कीं ती बैठक सामान्यतः आपल्या कॅलेंडरांतून निघते. बोट चुकून नकाराच्या कळेवर पडलें तरी परिणाम तोच. दर सोमवारची म्हणून जी मालिका ठेवलेली असते ती बंद करावयाची झाल्यास लोक सबंध मालिकाच पुसून टाकतात, आणि मग मागच्या दोन वर्षांतील सोमवारही त्यांच्याबरोबर जातात. अमुक दिवशीं कोण हजर होतें, काय ठरलें, याचा पुरावा त्यामुळें नष्ट होतो. मालिका पुसूं नये. तिची शेवटची तारीख बदलून ती संपवावी, म्हणजे झालेल्या बैठका वहींत राहतात. किंबहुना मालिका प्रथम लिहितांनाच तिला अखेरची तारीख द्यावी हें बरें. याशिवाय ‘ऑटोआर्काइव्ह’ नांवाची एक योजना आहे. जेथें ती चालू असते तेथें कॅलेंडरांतील जुन्या नोंदी उचलून त्याच संगणकांतील वेगळ्या वहींत ठेविल्या जातात. कॅलेंडरासाठीं मूळची मर्यादा सहा महिन्यांची आहे. विम्याच्या कामीं किंवा प्राप्तिकराच्या कामीं वर्षामागची तारीख शोधणाऱ्यानें ‘आर्काइव्ह’ ही वही उघडून पाहिल्यावांचून निराश होऊं नये.

सर्वांत अधिक नोंदी जातात त्या मात्र अनेक हातांमुळें. साहेबांचा संगणक, साहेबांचा फोन, त्यांच्या वतीनें काम पाहणारीं दोन माणसें, हीं सर्व एकाच निमंत्रणावर एकाच वेळीं काम करूं लागलीं कीं, एकाचा होकार आणि दुसऱ्याचें पुसणें यांत बैठकीचा बळी जातो. म्हणून निमंत्रणांस उत्तर देण्याचें काम एकानें व एकाच यंत्रावरून करावें. फेरफाराचा अधिकार शक्य तितक्या थोड्यांना असावा. हें कचेरीपुरतेंच नव्हे. एकत्र कुटुंबांत एक कॅलेंडर सर्वांना दिसेल असें ठेवलें, कीं प्रत्येकास त्यांत फेरफार करण्याचा अधिकार देऊन टाकतात. नातवास क्लासची वेळ नको असते, तो ती काढतो. ती आठवड्याची मालिका असते, आणि सबंध क्लास जातो! गूगलमध्यें केवळ पाहण्याचा अधिकार निराळा आणि बदल करण्याचा निराळा देतां येतो. आमच्या घरीं दुसरा अधिकार दोघी सुनांकडे आहे. ज्यांना घरांतील सर्वांच्या वेळा सांभाळाव्या लागतात, त्यांच्याच हातीं वही असावी. बाकीच्यांना, आम्ही धरून, नुसतें पाहतां येतें.

पुसलेली नोंद परत मिळविण्याची सोय आहे, पण तिला मुदत आहे. प्रथम ‘डिलीटेड आयटम्स’ हा कप्पा पाहावा. पुष्कळांना तेथें टपालच जातें असें वाटतें, परंतु पुसलेल्या भेटीही तेथेंच पडलेल्या असतात. तो कप्पा कोणीं झाडून टाकला असेल, तर ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स फ्रॉम सर्व्हर’ या कळेनें आंतला दुसरा कप्पा उघडतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या कप्प्यांत वस्तु मुळांत १४ दिवस राहते. कंपनीच्या व्यवस्थापकानें मुदत वाढविली असल्यास ३० दिवसांपर्यंत. गूगलच्या कॅलेंडरांतील टोपलींत ३० दिवस. आउटलुकच्या त्या आंतल्या यादींत नोंद कोणत्या दिवशीं, किती वाजतां पुसली गेली हें लिहिलेलें असतें. कोणीं पुसली हें लिहिलेलें नसतें. तेव्हां त्या वेळेवरून कोणास धारेवर धरण्यापूर्वीं त्या घटकेस कोणकोणतीं यंत्रें त्या कॅलेंडरास जोडलेलीं होतीं हें पाहावें. खिशांतील फोनही त्यांतलाच एक.

एक गोष्ट मात्र शोध पुरा होईपर्यंत करूं नये. नोंद दिसत नाहीं म्हणून तीच बैठक घाईनें पुन्हां लिहूं नये. मूळची सांपडली कीं त्या दोन होतात, निमंत्रितांकडे दोन पत्रें जातात, आणि मग एक रद्द केल्याची सूचना वाचून कांहीं जण दोन्ही बैठका सोडून देतात.

ज्या घरांत किंवा कचेरींत अशी एखादी नोंद गेल्या पंधरवड्यांत नाहींशी झाली असेल, आणि तिचा दोष कोणावर ठेवला गेला असेल, त्यांनीं हा अंक क्षणभर बाजूस ठेवून प्रथम फिल्टर पाहावा, मग ब्राउझर, आणि तेथेंही नसल्यास तो आंतला कप्पा उघडावा. चौदा दिवस अजून भरले नसतील.